दामू, तुलाच कोणी विचारले नाही

तुझ्या मृत्यूची बातमी मी कापली. चार ओळींची होती, तीन केल्या. ब्रह्मपुरीच्या वार्ताहराने 'अत्यंत दुःखद निधन' असे लिहिले होते. त्यातले पहिले दोन शब्द काढले आणि तिसऱ्याच्या जागी 'मृत्यू' लिहिले. 'विद्यार्थिप्रिय' काढले. 'अल्पशा आजाराने' होते तिथे 'दोन दिवसांच्या तापाने' केले, कारण खाली त्याने तसा तपशील दिला होता आणि तपशील हाताशी असताना मोघम शब्द ठेवायचा नाही, हा आमच्या टेबलाचा नियम आहे. नाव आडनावासह, आद्याक्षरांसह होते. वरोऱ्याच्या आपल्या शाळेतली हजेरी सोडली तर त्या नावाने तुला कोणी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. पेन्सिल पुढे गेली आणि गावाच्या नावावर थांबली. पाथरतळा.

पाथरतळ्याला शाळा एकच आणि मास्तर एकच.

छापखान्यातला जुळारी तिसऱ्या पानाच्या मजकुरासाठी दारात उभा होता. मी कागद त्याच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी तू एका बैलबाजाराच्या बातमीखाली छापून आलास. त्या तीन ओळींत चूक एकही नाही. मी अनेकदा तपासल्या.

आज बारा दिवस झाले. मला अजून ते खरे वाटत नाही, आणि खरे-खोटे ठरवणे हा तर माझा धंदा. रविवारी तुझ्या अंगात कणकण होती. मंगळवारी दुपारी तू नव्हतास. मधला सोमवार मी कसा घालवला हे आठवून पाहतो. नगरपालिकेच्या नळांची बातमी लिहिली आणि दाढी केली.

त्याच टपालात तुझे कार्ड होते. आधी बातम्यांचे टपाल, मग खासगी, ही माझी जुनी सवय. त्यामुळे माझ्यापुरता तू आधी मेलास आणि नंतर मला पत्र लिहिलेस. ते कार्ड त्याच्या जागी येईल. घडले त्या क्रमाने लिहितो. मला दुसरे जमत नाही हे तुला ठाऊक आहे.

मी पाथरतळ्याला पहिल्यांदा आलो तो तुझ्यासाठी नव्हे. मालगुजारी गेल्यावर गावच्या तळ्यातली मासळी कोणाची, असा तंटा चालू होता. त्याची बातमी हवी होती. मुक्काम तुझ्याकडे केला, कारण गावात दुसरे कोणी ओळखीचे नव्हते. सकाळी तू म्हणालास, "अबे बातमीदारा, बस उद्या सकाळी हाय. माह्या शाळेत येऊन बस. काई बोलू नको फक्त."

एक खोली आणि ओसरी. तळ्याच्या बांधाला लागून. तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवरांची मुले दाराकडे बसत, टोल्यावरची गोंडांची मुले मागच्या भिंतीशी. टोला, म्हणजे त्यांची वस्ती, तिथून कोसभर आत, जंगलात. कोणी तशी आखून दिलेली नव्हती जागा, पण एकही मूल चुकून पलीकडे बसलेले नव्हते. माठ दोन होते. पुढच्या खेपेला आलो तेव्हा एकच होता. दुसरा फुटला म्हणालास. फुटला की फोडलास, असे मी विचारले. तू नुसता हसलास. ते उत्तर राहून गेले.

त्या सकाळी गिरजा उशिरा आली. सखाराम ढिवराची मुलगी, नऊ-दहा वर्षांची, वर्गात सर्वांत मोठ्या आवाजाची. डोक्यावर टोपली. टोपली तिने मध्यभागी ठेवली आणि वरचे फडके ओढले. आत कासव. बापाच्या जाळ्यात पहाटे आले होते.

"गुरुजी, पाहा! हे एवढं! सांजच्याले याची भाजी."

दाराकडची सगळी मुले टोपलीवर वाकली. मागच्या भिंतीकडून एकच उठली. सोमी. टोल्यावरच्या चैतूची मुलगी, तितक्याच वयाची, पण सकाळपासून मी तिचा आवाज ऐकला नव्हता, आणि तू म्हणालास की तूही फारसा ऐकला नव्हतास. ती माठापाशी गेली, पाण्याचे भांडे भरून आणले आणि कासवाच्या पाठीवर ओतले. मग टोपलीला दोन्ही हातांनी कव घालून खाली बसली. पाणी शेणाच्या जमिनीवर पसरले. दाराकडची मुले खो खो हसली.

"काऊन वं, तुहा मामा हाय का तो?" गिरजा म्हणाली. "सोड. माह्या बापानं धरला."

सोमी सोडेना. रडत होती, पण आवाज नव्हता.

मी तुझ्याकडे पाहिले. मी मास्तर असतो तर गिरजाला टोपली बाहेर न्यायला सांगितले असते आणि पाढे सुरू केले असते. तू खाली, ओल्या जमिनीवर, दोघींच्या मध्ये बसलास. धोतर भिजले. तू आधी गिरजाला विचारलेस, कासव कुठे सापडले, जाळे कोणते, बापाला ते ओढायला किती वेळ लागला. तिने ऐटीत सांगितले. ती सांगून संपेपर्यंत तू दुसरीकडे पाहिले नाहीस. मग सोमीकडे वळलास.

"सोमे, तुमच्या घरी याले मारत नाई का?"

तिने मान हलवली.

"काऊन?"

मग ती म्हणाली, "मले माईत नाई. बाबाले पुसून सांगते."

"पुसून ये," तू म्हणालास. आणि उठून सर्वांना म्हणालास, "आता सबन घरी पुसून या. आपल्या घरी काय मारत नाईत, आन् काऊन मारत नाईत. गिरजे, तू बी."

"आमच्या घरी सबन मारते, गुरुजी."

"तरी पूस."

मग माझ्याकडे बोट दाखवून तू म्हणालास, "हा पाहुणा बी पुसून येईन." मुले हसली. मी म्हणालो, मी बातमीदार आहे, मी विचारतो, सांगत नाही. तू म्हणालास, "मंग तं तुले बरंच शिकायचं हाय."

हा प्रश्न तू मला नंतर भेटीत दोनदा आणि पत्रात किती वेळा विचारलास ते मोजलेले नाही. मी प्रत्येक वेळी टाळला.

त्या संध्याकाळी ओसरीवर आपला वाद झाला. तो अजून संपलेला नाही, म्हणून माझी बाजू इथे नीट मांडतो. मी म्हणत होतो, देश नवा आहे. शाळा कशासाठी? घरातून वेगवेगळी आलेली मुले एकसारखी होऊन बाहेर पडावीत यासाठी. तू तर वेगळेपण उकरून काढतो आहेस. कोणाच्या घरी काय, हे विचारायला लागलास तर ती त्या भिंतीला आणखी घट्ट चिकटतील. तू बिडीचे थोटूक विझवलेस आणि म्हणालास, "एकसारखी झाली तं एकमेकाले पुसायचं कामच नाई उरत. मले ते नाई पायजे." मी म्हणालो, हे उत्तर झाले नाही. तू म्हणालास, "नाई झालं. पण थांब उद्यापर्यंत. पोरगी काय सांगते ते आयकून जा."

मी थांबलो नाही. सकाळची बस गाठली. तळ्याच्या तंट्याची बातमी दुसऱ्या दिवशीच्या अंकात जायला हवी होती.

बातमी छोटी झाली. पान भरायचे होते म्हणून मी तुझ्या शाळेवर एक टिपण लिहिले. गावाचे नाव, मुलीचे नाव, बापाचे नाव, सगळे अचूक. मुलगी का रडली हे लिहायचे होते, आणि ते मला माहीत नव्हते. कार्यालयाच्या कपाटात जिल्ह्याचे एक जुने सरकारी पुस्तक आहे. त्यात पाहिले आणि लिहिले: 'गोंडांत कासव हा देव मानला जातो.' वाक्य चांगले होते. कोणीही ते तपासायला मागितले नाही.

तोपर्यंत सोमीने तुला सांगितले होते. ते तू मला पत्रात कळवलेस, पण पत्र आले तेव्हा टिपण छापून झाले होते. चैतूने तिला सांगितले होते ते असे: फार मागे त्यांची माणसे पुरात अडकली होती. कासवाने पाठीवर घेऊन त्यांना पैलतीराला नेले. तेव्हा त्यांनी त्याला वचन दिले, की आमच्यातला कोणी तुला मारणार नाही. 'देव नाही रे,' तू लिहिले होतेस. 'वचन दिलेले आहे. वर्गात सोमीने उभे राहून सांगितले. पहिल्यांदाच इतके बोलली. कोणी हसले नाही. हसायला जागाच नाही त्यात. ढिवराच्या पोरालाही पूर माहीत आहे आणि वचनही माहीत आहे.'

त्याच पत्रात गिरजाचेही होते. घरी विचारले तेव्हा तिची आई आधी हसली, मग गप्प झाली. मग म्हणाली, पाणी चढताना पोटुशी मासोळी जाळ्यात आली तर मी सोडून देते. गिरजा पोटात होती आणि जगेल असे वाटत नव्हते, तेव्हा तळ्याच्या काठी उभी राहून तसे बोलले होते. तुझ्या बापालाही सांगितलेले नाही. गिरजाने हे वर्गात सांगितले आणि बातमी बापापर्यंत पोचायला दुपारही लागली नाही. सखाराम तणतणत शाळेत आला. "गुरुजी, पाढे शिकवा ना! आमची मासोळी कायले शिकवून राह्यले? आन् ते कासव कुठी गेलं माह्यं?" कासव गिरजाने शाळा सुटल्यावर तळ्यात सोडले होते. सखाराम डोके धरून बांधावर बसला. शेवटी म्हणाला, "मी खाणं सोडणार नाई. पण टोल्याच्या पोट्ट्यांसमोरून नेणार नाई. बस."

तू लिहिले होतेस, 'एवढे पुष्कळ झाले.' मला ते तेव्हा फार थोडे वाटले होते.

तिथून तुझा शनिवारचा तास सुरू झाला. एक मूल विचारणार, दुसरे सांगणार. माहीत नसेल तर 'घरी पुसून सांगतो' म्हणायचे, ते कमीपणाचे नाही. ऐकताना 'आमच्याकडे असं नसते' म्हणायची बंदी. मूल जन्मले की तुमच्याकडे काय करतात, पाहुणा आला की पहिले काय देता, रुसलेल्याला कसे बोलावता. निरीक्षक आले आणि हा तास कोणत्या विषयात मोडतो म्हणून विचारले, तर तू सांगितलेस, स्वच्छता. त्यांनी तसे लिहून घेतले. हे तू मला तोंडी सांगितलेस आणि मी छापू नये म्हणून शपथ घातलीस. आता छापतो. आता तुझी बदली कोणी करू शकत नाही.

माझे टिपण बसने तीन दिवसांनी पोचले. ते रद्दीत पडून राहिले, आणि काही शनिवारांनंतर बाजाराच्या दिवशी एका दुकानदाराने ते मोठ्याने वाचले. त्याचे पुढे काय झाले ते तू दुसऱ्या पत्रात लिहिलेस, आणि मी ते जसेच्या तसे इथे देतो. चैतू मोहाची फुले घेऊन बाजारात बसला होता. एक जण समोर येऊन म्हणाला, "काय गा चैतू, पेपरात नाव आलं तुह्यं! तुह्या देवाचा रस्सा केला आज आमच्या घरी. परसाद खाशील का?" भोवतीचे हसले. चैतूने मोहाची टोपली उचलली आणि परत गेला. सोमवारी सोमी शाळेत आली नाही. मंगळवारी टोल्याचे एकही मूल आले नाही.

मागची भिंत रिकामी झाली. शनिवारी ढिवरांची मुले एकमेकांना विचारायला बसली. प्रत्येकाला दुसऱ्याचे उत्तर माहीत होते.

तू दर रविवारी टोल्यावर जाऊ लागलास. चैतू तुला खाटेवर बसवायचा, पाणी द्यायचा, मोहाची फुले भाजून द्यायचा, आणि मुलीला पाठवत नव्हता. त्याची अट एकच. "गुरुजी, तुमचा राग नाई. जिथी लिवलं तिथीच पुसा."

दोन ओळींचा खुलासा. तू एवढेच मागितलेस. 'देव' हा शब्द चुकला, कासवाला वचन दिलेले आहे, एवढे लिही. मी भेटीत म्हणालो, लिहितो. माझ्या तोंडचे शब्द तसेच होते, 'लिहितो, वचन देतो.' मग तुला कळवले की संपादक नाही म्हणतात. देव काय आणि वचन काय, वाचकाला त्यात फरक नाही, असे त्यांचे मत आहे.

दामू, संपादक असे काही म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलेच नव्हते.

इतक्या वर्षांत माझ्या मजकुरावर एकदाही खुलासा द्यावा लागलेला नाही. कार्यालयात हे सगळ्यांना माहीत आहे. नवीन माणसाला माझ्या शेजारी बसवतात ते म्हणूनच. दोन ओळी लिहायला बसलो की मला ते आठवायचे, आणि मी कागद बाजूला ठेवायचो. याला याहून मोठे कारण नाही. असते तर बरे झाले असते.

आता कार्ड. रविवारचे. तुझे अक्षर नेहमीचे, शेवटी जरासे उतरते.

'चैतूभाऊचे म्हणणे बदलत नाही आणि मला ते बरोबर वाटते. तुझे संपादक अडत असतील तर मला त्यांचे नाव कळव, मीच लिहितो. तुला उगाच दोघांच्या मध्ये ठेवले. आज अंगात कणकण आहे, टोल्यावर गेलो नाही. पहिलाच रविवार चुकला. घरी विचारलेस का?'

मी कार्ड घेऊन संपादकांच्या खोलीत गेलो. उभ्याउभ्या सांगितले. ते दुसऱ्या दिवशीच्या अग्रलेखाचे प्रूफ वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "एवढंच ना? मग देऊन टाका की. याला मला कशाला विचारता?"

टेबलाशी येऊन मी खुलासा लिहायला बसलो.

खुलासा तुझ्या मृत्यूच्या बातमीनंतर तिसऱ्या दिवशी आला. तो अंक घेऊन मी पुढच्या शुक्रवारी पाथरतळ्याला गेलो. शाळेला कुलूप नव्हते. फळ्यावर तुझ्या अक्षरात गुणाकार होता, अर्धा पुसलेला. नवा मास्तर आलेला नाही, कधी येणार कोणाला माहीत नाही.

सखारामने मला बांधावर बसवून सांगितले. सोमवारी तू वर्गात आलास आणि फळ्यासमोर खाली बसलास. गिरजा घरी धावली. संध्याकाळपासून बरळायला लागलास. टोल्यावर निरोप गेला आणि चैतू आला, सोबत झाडपाल्याचे औषध घेऊन. मंगळवारी सकाळी सखारामने गाडी जुंपली, ब्रह्मपुरीच्या दवाखान्यासाठी. चैतू गाडीपुढे चालत होता, चाकाखालचे दगड बाजूला करत. "ताप डोक्यात चढला होता, भाऊ. पाढे म्हणून राह्यले होते. तेरापर्यंत म्हणले. मंग चैतूनं हात वर केला, आन् मी बैल थांबवले."

गाडी परत फिरवली. आणि मग, सखाराम म्हणाला, सगळे अडले.

"आमाले माईत नव्हतं, भाऊ, गुरुजीच्या घरी जाळते का पुरते. टोल्यावरचे म्हणत, आमी पुरतो. आमच्यातले म्हणत, जाळा. चैतू म्हणे, आपल्या रीतीनं नाई करायचं, गुरुजीच्या रीतीनं करायचं. पण त्याईची रीत कोणाले ठावकी? एवढे शनिवार झाले, कोणाच्या घरी काय ते पोट्ट्यापोट्ट्याले माईत. गुरुजीले कोणी पुसलंच नाई ना!"

दुपार अशीच गेली. दोन्हीकडची माणसे तळ्याच्या काठी तुझ्याभोवती बसून होती आणि ज्याने सर्वांना विचारायला शिकवले, त्याचेच उत्तर कोणाकडे नव्हते. वरोऱ्यात तुझे कोणी उरलेले नाही. ज्याला माहीत होते तो मी नागपुरात, तुझे काही ठाऊक नसताना, दुसऱ्याच कोणाच्या बातम्या कापत होतो. शेवटी गिरजाने सांगितले, गुरुजींनी एकदा म्हटले होते की त्यांच्या आईची राख वर्धा नदीत सोडली. तेवढ्यावर ठरले. लाकूड टोल्यावरून आले. अग्नी सखारामने दिला. शाळेच्या वाटेवर चैतूने एक उभा दगड रोवला, तो त्यांच्या रीतीचा.

"बरोबर केलं का आमी?" सखारामने मला विचारले.

मी म्हणालो, बरोबर केले. दामू, ते बरोबर होते.

शनिवारी सकाळी टोल्यावर गेलो. चैतूने खाट टाकली, पाणी दिले. मी अंक पुढे केला. त्याला वाचता येत नाही. त्याने सोमीला हाक मारली. ती अंगणात उभी राहून वाचू लागली, अक्षराअक्षरावर बोट ठेवून.

'या वृत्तपत्रात पाथरतळा येथील शाळेविषयीच्या मजकुरात, कासव हा देव मानला जातो, असे लिहिले गेले. ते चूक होते. चैतू यांच्या कुळातील लोकांनी कासवाला न मारण्याचे वचन दिलेले आहे, आणि ते वचन ते पाळतात. ही माहिती न विचारता लिहिली गेली, याबद्दल दिलगीर आहोत.'

'ते पाळतात' पाशी ती थांबली आणि बापाकडे पाहिले. चैतूने पुन्हा वाचायला सांगितले. तिने पुन्हा वाचले. मग त्याने अंक घेतला, चौपट घडी घातली आणि कुडाच्या भिंतीत खोचला.

"पुसलं," तो म्हणाला. आणि माझ्याकडे न पाहता, "गुरुजी असते तं आज जाय म्हटलं असतं पोरीले."

मला वाटले, तिथेच संपले. उशीर झाला, आणि उशीर झाल्यावर जे होते ते झाले. पण सोमी आत गेली आणि पाटी घेऊन बाहेर आली. बापाला म्हणाली, "आज शनिवार हाय." त्याने खाट वाटेतून बाजूला घेतली. तिच्यामागून टोल्यातली दोन मुले निघाली, मग आणखी एक. मी त्यांच्या मागे कोसभर चालत आलो. वाटेत तुझा दगड लागला. प्रत्येक मुलाने त्याला हात लावला. मीही लावला.

ओसरीवर गिरजा होती, ढिवरांची पाच-सात मुले होती. मास्तर नसताना ती का जमली होती, मी विचारले नाही. सोमी दिसताच गिरजा म्हणाली, "आली वं माय! किती दिवस लावले!" आणि सरकून जागा केली, दाराकडे, आपल्या शेजारी. सोमी बसली. मागच्या भिंतीशी कोणी गेले नाही.

मग गिरजाने मला पाहिले.

"पाहुण्याचं राह्यलं हाय," ती सर्वांना म्हणाली. "गुरुजी नेहमी म्हणे, पाहुण्यानं सांगतलं नाई अजून." आणि माझ्याकडे वळून, तुझ्याच चालीत, "तुमच्या घरी काय मारत नाईत? आन् काऊन?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

कोणी हसले नाही. सोमी म्हणाली, "मंग घरी पुसून या."

मी नागपूरची बस सोडली आणि चिमूरवरून वरोऱ्याला आलो. आई दारात तांदूळ निवडत होती. अचानक आलेला पाहून घाबरली. मी तुझे सांगितले. तिने सूप खाली ठेवले आणि पदर तोंडाला लावला. तू तिच्या हातचे किती जेवला आहेस ते तिला माहीत होते, मला नव्हते. मग मी विचारले, आपल्या घरी काय मारत नाहीत? तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले.

"आज काऊन पुसून राह्यला?"

मी म्हणालो, दामूने विचारायला सांगितले होते.

ती म्हणाली, "धामण." कापसाच्या गंजीत एकदा धामण निघाली होती. आजोबांनी काठीने मारली. नंतर गंज हलवताना खाली अंडी सापडली. आजीने ती पाहिली आणि त्याच जागी उभे राहून सांगितले, या घरात पुन्हा नाही. आई त्या वर्षी नवी नवरी होती. तेव्हापासून दोनदा स्वयंपाकघरात धामण आली, दोन्ही वेळा तिने दार उघडे टाकले आणि बाहेर ओट्यावर बसून राहिली, ती जाईपर्यंत. एकदा मी आत झोपलेला होतो, म्हणे. सहा महिन्यांचा.

"हे मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"तू कधी पुसलं नाई," ती म्हणाली आणि सूप पुन्हा हातात घेतले.

तिच्याजवळ बसून हे लिहितो आहे. नवा मास्तर येईपर्यंत ओसरीवर शनिवार चालू राहील की नाही, मी सांगू शकत नाही. तसे लिहायला माझ्याकडे आधार नाही. आपला वादही राहिला आहे. पण एक उत्तर माझ्याकडे आता आहे, विचारून आणलेले, आणि ते कळवायला तुझा पत्ता नाही.

धामण, दामू. शनिवारी जाऊन सांगतो.